क्रेडिट कार्ड वापरायचं, पण व्याज भरायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातल्या क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली. मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेला मुलगा, पगाराचं खातं असलेल्या बँकेतून येणारे फोन, ऑनलाइन खरेदी करताना मध्येच उगवणारी 'लगेच ५०० रुपये सूट' अशी पट्टी. एवढ्या ठिकाणी नाही म्हणणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून कार्ड घ्यावं की घेऊ नये या वादात न शिरता, घेतलेल्या कार्डाचा फायदा आपल्याला कसा होईल आणि बँकेला कधी होतो, एवढंच इथे पाहू. व्याजदर आणि शुल्कं बँकेगणिक बदलतात, त्यामुळे हिशेबातले आकडे नमुन्याचे धरा. रिझर्व्ह बँकेचे नियम मात्र सगळ्यांना सारखे आहेत.

कार्डाने खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण जाहिरातीत दिसतात तेवढे नाही. समजा तुम्ही किराणा, पेट्रोल, वीजबिल, औषधं असा महिन्याला २०,००० रुपयांचा खर्च कार्डावर करता आणि सरासरी १ टक्का परत मिळतो. वर्षाचे झाले २,४००. वार्षिक शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० गेले. हातात राहिले १,८१०. बिल भरेपर्यंत पैसे बचत खात्यात पडून राहतात, त्याचं व्याज मिळतं असंही सांगतात. २०,००० रुपयांवर बचत खात्याचं महिन्याचं व्याज चाळीस-पन्नास रुपये होतं, दोन वडापाव सुटतात.

खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो उशिरा दिसतो. वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद तुमच्या नावावर जमत जाते आणि घरासाठी कर्ज घ्यायला जाता तेव्हा ती कामी येते. ४० लाखांचं, २० वर्षांचं गृहकर्ज ८.७५ ऐवजी ८.५ टक्क्यांनी मिळालं, तर हप्त्यात महिन्याला सुमारे ६३५ रुपयांचा फरक पडतो. म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या वर. कॅशबॅकच्या मागे धावण्यापेक्षा हे जास्त मोलाचं.

मग बँकेला यातून काय मिळतं?

तुम्ही कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून एक छोटा वाटा कापला जातो, तो बँक आणि कार्डाचं नेटवर्क (व्हिसा, रुपे वगैरे) वाटून घेतात. शिवाय वार्षिक शुल्क, उशिराचा दंड आणि व्याज. जे बिल थकवतात त्यांच्या व्याजातून बँकेची मोठी कमाई होते. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा ग्राहक बँकेला फारसा लाडका नसतो, आणि आपण तसाच ग्राहक व्हायचं आहे.

'५० दिवस बिनव्याजी' म्हणजे नेमकं काय?

म्हणजे जास्तीत जास्त ५० दिवस, आणि तेही एका अटीवर.

समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख ३०. तुम्ही १२ जूनला खरेदी केली, तर ती १० जुलैच्या बिलात येईल आणि ३० जुलैपर्यंत, म्हणजे ४८ दिवस तुम्हाला व्याज नाही. तीच खरेदी ९ जुलैला केली, तर मिळतात फक्त २१ दिवस. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करावी असं जाणकार म्हणतात ते यासाठी.

अट अशी, की आधीच्या बिलातला एक रुपयाही बाकी नसला पाहिजे. बाकी असेल तर बिनव्याजी मुदतच रद्द होते. हे बँकेने कार्डासोबत पाठवलेल्या कागदात लिहिलेलं असतं. तो कागद किती जण उघडतात हा प्रश्न वेगळा.

मिनिमम ड्यू भरला, बँकेने पैसे मिळाल्याचा मेसेजही पाठवला. मग काय बिघडलं?

या एका प्रश्नात क्रेडिट कार्डाचं सगळं इंगित आहे, म्हणून हिशेब सविस्तर करू.

१२ जूनला तुम्ही ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १० जुलैला बिल आलं. त्यावर दोन आकडे: एकूण देय रक्कम ४०,०००, किमान देय रक्कम (म्हणजेच मिनिमम ड्यू) २,०००. मुलांच्या शाळेच्या फीमुळे महिना जड होता, म्हणून ३० जुलैला २,००० भरले. दंड लागला नाही, 'थकबाकीदार' अशी नोंदही झाली नाही. मिनिमम भरल्याने तेवढंच टळतं.

आता १० ऑगस्टचं बिल येतं. कार्डाचा व्याजदर महिना ३.६ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४३.२. व्याजाची मोजणी ३० जुलैपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून, १२ जूनपासून सुरू होते. १२ जून ते ३० जुलै ४८ दिवस, ४०,००० रुपयांवर: सुमारे २,२७२ रुपये. ३० जुलै ते १० ऑगस्ट ११ दिवस, उरलेल्या ३८,००० वर: सुमारे ४९५. बेरीज २,७६७. कर्जाच्या व्याजाला एरवी जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला तो १८ टक्क्यांनी लागतो. म्हणजे आणखी ४९८. एकूण ३,२६५.

तुम्ही भरले २,००० आणि वाढले ३,२६५. दोन हजार भरूनही आता देणं ४१,२६५ रुपयांचं आहे, नवी एकही खरेदी न करता. वर काढलेली वर्षभराची १,८१० रुपयांची बचत एका बिलात गेली, आणि वर भुर्दंड बसला तो वेगळाच.

त्यातच २ ऑगस्टला तुम्ही ३,००० चा किराणा भरला असेल, तर त्यावरही २ ऑगस्टपासूनच व्याज चालू. म्हणून बाकी ठेवलेल्या कार्डावर नवी खरेदी करूच नका. डेबिट कार्ड किंवा रोख वापरा आणि आधी ते देणं संपवा. सगळं भरून टाकल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसू शकतं. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. तेही भरा, मग गाडी पुन्हा रुळावर येते.

एखाद-दोन दिवस उशीर झाला तर?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच दंड लावता येतो आणि क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, थकबाकी कळवता येते. हा दंडही पूर्ण बिलावर नाही, भरायच्या राहिलेल्या रकमेवरच लावायचा असतो. न भरलेली शुल्कं आणि कर यांच्यावर व्याज चढवायलाही मनाई आहे. पण हे तीन दिवस व्याजाला लागू आहेत असं धरू नका. शनिवारी रात्री दुसऱ्या बँकेच्या ॲपमधून भरलेले पैसे सोमवारी जमा झाले असंही होतं. शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी भरण्याची सवय लावलेली बरी.

ऑटो-डेबिट लावावं का?

लावाच. पण लावताना फॉर्मवर दोन पर्याय असतात: पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. अनेकांचं ऑटो-डेबिट कुणीतरी घाईत 'किमान'वर टिक करून लावलेलं असतं आणि वर्षभर व्याज कापलं जातंय हे त्यांना कळतही नाही. आज ॲप उघडून तेवढं बघून घ्या.

खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट परत गेलं तर दोन्हीकडून दंड लागतो: कार्डाची बँक वेगळा लावते, खात्याची बँक वेगळा. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसेल, तर बिलाचं चक्र बदलून मागा. निदान एकदा तरी ते बदलून देणं बँकांना बंधनकारक आहे.

आणि ऑटो-डेबिट आहे म्हणून बिल वाचायचं सोडू नका. न मागितलेला विमा, बंद केलेल्या ओटीटीचे पैसे, एकाच पावतीची दोनदा झालेली नोंद, हे सगळं वाचल्याशिवाय सापडत नाही.

माझा पगार ठरलेल्या तारखेला होत नाही. व्यवसाय आहे, कधी पैसे येतात, कधी नाही. मी काय करू?

बिलाची वाट पाहू नका. दर रविवारी ॲप उघडा, आठवड्यात कार्डावर जे खर्च झालं ते तिथल्या तिथे भरून टाका. बिल निघायच्या आत कितीही वेळा पैसे भरता येतात. बिनव्याजी दिवसांचा फायदा थोडा जाईल, पण महिन्याच्या शेवटी अंगावर मोठा आकडा येणार नाही. आणि धंद्यातली उधारी वसूल होईल या भरवशावर कार्ड घासू नका. गिऱ्हाईक उशिरा देतं, बँक थांबत नाही.

सिबिल स्कोअर आणि कार्डाचा संबंध काय?

स्कोअर म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवरून दिलेला आकडा, तो ३०० ते ९०० मध्ये असतो. सिबिल हे नाव तोंडात बसलंय, पण भारतात असा स्कोअर देणाऱ्या चार कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक सविस्तर अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीकडून मागवलात तर वर्षभर नजर राहते, पैसे लागत नाहीत. तुम्ही स्वतः अहवाल बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

कार्डाच्या बाबतीत दोन गोष्टी सगळ्यात जास्त मोजल्या जातात. एक, बिलं वेळेवर भरली का. दोन, लिमिटपैकी किती वापरलं. लिमिट १ लाख आणि दर महिन्याचं बिल ८५,००० असेल, तर तुम्ही ते प्रामाणिकपणे पूर्ण भरत असलात तरी बघणाऱ्याला तुम्ही ओढाताणीत आहात असं वाटतं. साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावं असा प्रघात आहे. मोठी खरेदी झालीच, तर बिल निघायच्या आधी काही रक्कम भरा. बिलात कमी आकडा येतो. लिमिट वाढवून घेणं हाही एक उपाय आहे, फक्त हात आवरता येत असेल तर. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान दर पंधरवड्याला ब्युरोकडे पाठवावी लागते. सुधारणा लवकर दिसते, आणि चूकही. अहवालात चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

किती कार्डं असावीत?

बहुतेकांना एक पुरतं, दोन फार झाली. दुसरं कार्ड वेगळ्या बँकेचं असलं तर एक अडकल्यावर कामी येतं. पाच कार्डांच्या पाच तारखा आणि पाच ॲप सांभाळणारे हौशी लोक आहेत, त्यांना ते जमतंही. पण तो छंद आहे. एका महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या अहवालात उमटते. घराचं कर्ज घ्यायचं ठरलं असेल तर आधीचे सहा महिने नवं कार्ड नकोच.

पगाराची स्लिप नाही. गृहिणी, विद्यार्थी किंवा निवृत्त माणसाला कार्ड मिळतं का?

मुदत ठेवीवर मिळतं. बँकेत २५,००० ची एफडी ठेवली, की तिच्या साधारण ८० ते ९० टक्के लिमिटचं कार्ड बहुतेक बँका देतात. एफडीचं व्याज चालूच राहतं. बिल थकलं तर बँक पैसे ठेवीतून वळते करून घेते, म्हणून ती उत्पन्नाचे कागद फारसे मागत नाही. ज्यांच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं, त्यांच्यासाठी इतिहास तयार करायचा हा सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड घेता येतं, पण लिमिट सामाईक असते आणि देणं मूळ कार्डधारकाच्याच डोक्यावर. ज्या गृहिणीला स्वतःच्या नावावर पत उभी करायची आहे, तिने ॲड-ऑनपेक्षा एफडीवरचं स्वतःचं कार्ड घ्यावं असं माझं मत.

नो-कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

जवळजवळ, पण पूर्ण नाही. ३०,००० चा फोन, ५,००० चे सहा हप्ते. बँक १६ टक्क्यांनी व्याज लावते, सुमारे १,३५४ रुपये. तेवढीच सूट विक्रेता आधी किमतीत देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज ३०,००० च येते. पण त्या व्याजावरचा जीएसटी, सुमारे २४४ रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. झाले ४७९. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुतेक वेळा यात मिळत नाही, रिवॉर्डही नाहीत, आणि फेडेपर्यंत तेवढी लिमिट अडकते.

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता मुद्दल, व्याज आणि सूट हे तिन्ही आकडे ईएमआय करण्याआधी वेगवेगळे दाखवावे लागतात. तेवढा तक्ता बघा आणि मग ठरवा. वॉशिंग मशीन अचानक बंद पडलं तर ४७९ रुपये देऊन सहा महिने मिळणं वाईट नाही. चालू फोन टाकून नवा घेण्यासाठी मात्र तेही कशाला?

अडचणीत एटीएममधून कार्डावर रोख काढली तर?

नका काढू. काढलेल्या रकमेवर साधारण अडीच ते तीन टक्के शुल्क, त्याचीही किमान रक्कम ठरलेली, आणि व्याज काढल्या दिवसापासून. बिनव्याजी मुदत इथे नसतेच. सोनं तारण कर्ज, एफडीवरचं कर्ज, अगदी नातेवाइकाकडून हातउसने, यातलं काहीही स्वस्त पडतं.

यूपीआयवर क्रेडिट कार्ड चालतं, मग भाजीवाल्याला त्यातून पैसे देता येतील?

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. पण पैसे फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरला जातात, व्यक्तीला नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा क्यूआर बहुधा त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा असतो, तिथे कार्ड नाकारलं जाईल.

सोय आहे, पण धोकाही तिथेच आहे. कार्ड काढून मशीनमध्ये घालताना मनात एक क्षण हिशेब होतो. चहा, रिक्षा, पाणीपुरी असं स्कॅन करत गेलं की तो होत नाही. वाण्याकडच्या उधारीच्या वहीत निदान वाणी आठवण तरी करून द्यायचा. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडलंच, तर ॲपमध्ये नेहमीचा पर्याय बचत खात्याचाच ठेवा आणि कार्ड मुद्दाम निवडावं लागेल असं करा.

रिवॉर्ड पॉइंट, लाउंज, पेट्रोलची सूट यांतलं काय कामाचं?

पॉइंटची किंमत विचारा. दर १०० रुपयांना २ पॉइंट ऐकायला छान वाटतं, पण एक पॉइंट २५ पैशांचा असेल तर हाती येतो अर्धा टक्का. साधा कॅशबॅक समजायला सोपा असतो. पॉइंटना मुदत असते, आणि ती आपण विसरू यावरच योजना उभी असते.

विमानतळावरच्या लाउंजच्या नादाला लागू नका. आता बहुतेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं. तीनशे रुपयांच्या इडली-कॉफीसाठी पन्नास हजार खर्च करणारे लोक विमानतळावर रांगेत दिसतात. पेट्रोलवरचा १ टक्का अधिभार परत मिळतो, त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही.

महावितरणचं बिल, विम्याचा हप्ता, घराचं भाडं अशा ठिकाणी कार्डाने भरताना वेगळं शुल्क लागतं का हे आधी पाहा. १ टक्का कॅशबॅकसाठी दीड टक्का शुल्क भरण्यात काय हशील? धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला सोनं घेताना काही सराफ कार्डावर २ टक्के वर मागतात. तिथे यूपीआय किंवा चेक बरा. दागिन्यांच्या खरेदीचे ईएमआय बहुतेक बँका करून देत नाहीत, त्यामुळे 'नंतर हप्ते करू' या विचाराने तोळाभर उचलू नका.

वार्षिक शुल्क माफ व्हायला दोन लाखांचा खर्च हवा आणि तुमचा झालाय एक लाख साठ. उरलेले चाळीस हजार खर्च करायचे का? ५९० रुपये भरा आणि गप्प बसा.

परदेशात कार्ड वापरताना काय बघावं?

बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लागतो, जीएसटी धरून ४.१३ टक्के. मुलगी जर्मनीत शिकते आणि तुम्ही तिच्याकडे महिनाभर जाताय, तर कमी मार्कअपचं कार्ड किंवा परकीय चलन आधी भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड आधीच घ्या. तिथल्या दुकानात मशीन 'रुपयांत भरायचे की युरोत?' असं विचारेल. युरो निवडा. रुपये निवडले तर मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि तो महाग असतो.

मेहुण्याला माझ्या कार्डावर सूट मिळते म्हणून फोन घ्यायचाय. देऊ का?

नात्यात नाही म्हणणं कठीण, हे मान्य. द्यायचंच असेल तर पूर्ण पैसे आधी खात्यावर घ्या, 'महिन्याला महिन्याला देतो' यावर जाऊ नका. हप्ता त्याने चुकवला तरी नोंद तुमच्या नावावर होते. दुसरं असं, की एका आर्थिक वर्षात कार्डाची बिलं रोखीने १ लाख किंवा इतर मार्गांनी १० लाख किंवा त्याहून जास्त भरली गेली, की बँक ते आयकर खात्याला कळवते. मित्रमंडळींसाठी सतत कार्ड घासणाऱ्याला या आकड्याचा खुलासा करायची वेळ येऊ शकते.

फसवणुकीपासून कसं वाचायचं, आणि झालीच तर काय करायचं?

ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. टॅप करून ५,००० पर्यंत पिनशिवाय पैसे जातात; नको असेल तर तीही सोय बंद करता येते. 'लिमिट वाढवून देतो', 'पॉइंट आज संपतायत', 'चलन भरा' असं सांगून लिंक किंवा फोनमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल पाठवणारा बँकेचा नसतो.

पैसे गेलेच तर क्रम असा: ॲपमधून कार्ड ब्लॉक, बँकेला फोन आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेणं, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. इथे दिवस मोजले जातात. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी माहिती फुटली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ५ लाखांपर्यंतच्या लिमिटच्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या लिमिटला २५,०००. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाजत बसू नका, घरी काय म्हणतील याचा विचार नंतर करा.

दीड लाखाची बाकी साचली आहे. आता कसं बाहेर पडू?

आधी कार्ड घासणं बंद. मग स्वस्त पैशाने महाग देणं फेडायचं. साडेसहा टक्क्यांची एफडी ठेवून ४० टक्क्यांचं व्याज भरणारे लोक खरंच आहेत. एफडी 'अडीअडचणीसाठी' असते म्हणून मोडत नाहीत. अडचण ती हीच. एफडी नसेल तर सोनं तारण किंवा वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड शून्यावर आणा. तेही जमत नसेल तर बँकेला बाकीचे हप्ते करून मागा, दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डावर टाकून वेळ मारून नेऊ नका.

कोर्टातून व्याज कमी होईल या आशेवर राहू नका. ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावू नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यांसमोर किंवा नातेवाइकांना फोन करून अपमान करू शकत नाहीत. तसं झालं तर तारीख, वेळ लिहून ठेवा, फोन रेकॉर्ड करा. आणि 'साठ हजारांत मिटवून टाकू' असा प्रस्ताव आला तर सही करण्याआधी विचार करा: अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढची काही वर्षं कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण फेडणं शक्य असेल तर 'क्लोज्ड' शेराच घ्या.

न मागता कार्ड घरी आलं. काय करू?

चालू करू नका, कुठलाही ओटीपी देऊ नका. ३० दिवसांत कार्ड चालू झालं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं फुकट बंद करावं लागतं. अशा कार्डाचं बिल आलंच, तर बँकेला ते रद्द करावं लागतं आणि त्याच्या दुप्पट रक्कम तुम्हाला दंड म्हणून द्यावी लागते.

कार्ड बंद करायचं आहे, पण फोनवर टाळाटाळ होते.

बाकी शून्य करा, पॉइंट वापरून टाका, कार्डावरची आपोआप कापली जाणारी वर्गणी दुसरीकडे हलवा. मग लेखी विनंती करा, ईमेल चालतो. सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं तर बंद होईपर्यंत रोज ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. तुमच्याकडे अनेक कार्डं असतील तर सगळ्यात जुनं, बिनशुल्काचं कार्ड शक्यतो ठेवा. आणि वर्षभर एकदाही न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून स्वतःहून बंद करू शकते, त्यामुळे ठेवायचं असेल तर अधूनमधून त्यावर एखादा रिचार्ज करा.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस या त्यांच्या तक्रारींच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अर्जाला बँकेशी झालेला ईमेल आणि तक्रारीचा क्रमांक जोडा. नुसतं 'फोनवर सांगितलं होतं' एवढ्यावर तिथे काम होत नाही.